मुखाभोवतीचं कडं

एप्रिल-मेच्या सुमाराला सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरणाऱ्या नद्यांची धार तुटते आणि पात्रात डोह उरतात. गाळ खाली बसलेला, पाणी निवळशंख. अशा पाण्यात एक-दोन सेंटिमीटर रुंदीचं, पाण्याइतकंच पारदर्शक छत्रिक पोहत असलं, तर त्याचं अंग आधी दिसतच नाही. दिसतात त्या दोन गोष्टी : कडेची बारीक झालर आणि मधोमध एक फिकट, दुधाळ कडं. जेलीफिश म्हटलं की आपल्याला कोकणचा किनारा आठवतो, कोळ्यांच्या जाळ्यात भरणारी झार आठवते. हे छत्रिक मात्र गोड्या पाण्यातलं. साताऱ्याच्या कोयना आणि वेण्णा या नद्यांमधून ते विज्ञानाला ठाऊक झालं, आणि त्याचं शास्त्रीय नाव लिम्नोक्निडा इंडिका. ते इतरांपासून वेगळं कसं ओळखलं गेलं, आणि ज्याच्या आरपार पलीकडचा धोंडा दिसतो अशा देहाचं वर्णन कसं करतात, हे बारकाईने पाहण्यात मोठा आनंद आहे. त्या आनंदाचा बराचसा भाग त्या मधल्या कड्यात साठलेला आहे. पण तिथे थेट उडी मारण्यात अर्थ नाही. कडेकडून आत जावं.

त्याआधी पाण्याची सोयरीक सांगतो, कारण हे मी इंदापूर तालुक्यातल्या कळसहून लिहितो आहे. इथे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि वेण्णा जिथे उगम पावते त्या महाबळेश्वरला त्याच्या दहापटीहून अधिक. दोन्हीकडच्या पाण्याचा एकमेकांशी संबंध नसावा असंच कुणालाही वाटेल. पण आमच्याकडचा ओढा नीरेला मिळो की भीमेला, नीरा-नरसिंहपूरला त्या दोघी एक होतात आणि भीमा पुढे रायचूरकडे कृष्णेत जाते. वेण्णा संगम माहुलीला कृष्णेला भेटते, कोयना कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर. म्हणजे ज्या खोऱ्यात हे छत्रिक प्रथम सापडलं, त्याच खोऱ्याच्या कोरड्या अंगाला आम्ही राहतो. समुद्र इथून दोन-अडीचशे किलोमीटरवर, मधे सह्याद्री आडवा. तरी ज्या कुळाची माणसं आपण समुद्राकाठी शोधतो, त्यातलं एक घर आपल्याच नदीच्या वरच्या अंगाला नांदतं आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ज्यांच्या डोळ्यांनी ते टिपलं ते शंकर पुरुषोत्तम आघारकर. जन्म 1884 चा, मालवणचा. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेला त्यांचंच नाव आहे. 1946 मध्ये ती महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झाली, तेव्हा तिचे संस्थापक-संचालक तेच होते. ‘सुधारक’कार गोपाळ गणेश आगरकर वेगळे; नावांच्या सारखेपणामुळे या वनस्पतिशास्त्रज्ञाची ओळख पुष्कळदा झाकली जाते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असताना आघारकर पश्चिम घाटात हिंडत होते, आणि तिथल्या गोड्या पाण्यात त्यांना हे छत्रिक सापडलं. 1912 च्या सुमारास ‘नेचर’मध्ये ही बातमी गेली. नमुन्यांचं वर्णन करून जातीला नाव दिलं कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे प्रमुख नेल्सन अॅनन्डेल यांनी. गोड्या पाण्यातले स्पंज, हायड्रा आणि त्यांचे सगेसोयरे यांवरचा त्यांचा ग्रंथ 1911 मध्येच ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत निघाला होता. इतका योग्य माणूस त्या वेळी देशात दुसरा नव्हता. त्यांचे सहकारी एफ. एच. ग्रेव्हली 1912 च्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या खोऱ्यांत उतरले, आणि ग्रेव्हली-आघारकर या जोडीने छत्रिकाच्या सवयींवर आणि आढळावर टिपण लिहिलं. शोधणारा एक, नाव देणारा दुसरा, आणि पुन्हा नदीवर जाऊन ‘हे जगतं कसं’ असं विचारणारे दोघं. चार-दोन पानांच्या त्या कामात ही वाटणी किती नेटकी झाली आहे!

आता देह पाहू. उपडी ठेवलेली बशी, हा त्याचा ढोबळ आकार. समुद्रातली पुष्कळ छत्रिकं घंटेसारखी उंच असतात. लिम्नोक्निडा बसकं असतं, उंचीपेक्षा रुंदी पुष्कळ जास्त. मधल्या भागातली जेली जाड, कडेकडे पातळ होत जाणारी, त्यामुळे उभ्या छेदात भिंगाचा आकार येतो. वर्णन करणाऱ्याने इथे फक्त ‘चपटं’ लिहून भागत नाही, कारण छत्रिक दर ठोक्याला आकार बदलतं. आकुंचन पावलं की घुमट होतो, सैल पडलं की पुन्हा पसरट. म्हणून जाणकार वर्णनात छत्री सैल असतानाचा आकार सांगितलेला असतो आणि व्यासाशी उंचीचं प्रमाण दिलेलं असतं. एका वाक्यातली ही काळजी वाचताना सहज निसटते. पण सतत हलणाऱ्या देहाचा कोणता क्षण त्याचा स्वतःचा मानायचा, हा निर्णय त्या वाक्यात घेतलेला असतो, आणि तो बरोबर घेतला तर शंभर वर्षांनंतरच्या माणसालाही आपल्या काचेच्या भांड्यात तेच छत्रिक ओळखता येतं.

छत्रीच्या खालच्या तोंडाशी, कडेला लागून आतल्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्याला मधे गोल भोक. छत्री मिटताना आतलं पाणी या भोकातून जोराने बाहेर पडतं आणि छत्रिक वर उसळतं. हा पडदा हायड्रोझोआ वर्गातल्या छत्रिकांची खूण आहे. किनाऱ्यावर येऊन पडणाऱ्या मोठ्या, मांसल जेलीफिशना तो नसतो. म्हणजे आकार लहान आहे म्हणून हे मोठ्या जेलीफिशचं पिल्लू असेल, ही शंका एकट्या पडद्याने मिटते. गोड्या पाण्यातल्या छत्रिकांची पोहण्याची तऱ्हाही या पडद्यावरच उभी आहे : काही ठोके मारत वर जायचं, मग छत्री सैल सोडून, झालर पसरून सावकाश खाली उतरायचं. शिकार होते ती उतरताना. पाण्यातले सायक्लॉप्स, डॅफ्निया असले बारीक जीव पसरलेल्या झालरीला लागतात आणि तिथेच अडकतात. वर जाण्यात मेहनत, खाली येण्यात मिळकत. इतकी साधी व्यवस्था इतक्या थोड्या अवयवांत बसवलेली पाहून मन प्रसन्न होतं.

झालर म्हणजे संस्पर्शक. लिम्नोक्निडात ते पुष्कळ असतात, पोकळ असतात, आणि सगळे एकाच प्रकारचे असतात. लांबी मात्र सारखी नसते. जे आधी उगवले ते लांब, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत नंतर आलेले आखूड, त्यांच्याही मधे अगदी कोवळे. नीट पाहिलं तर कडेवर छत्रिकाच्या वाढीचा क्रमच मांडलेला दिसतो. त्यांच्या अंगावर दंशकोशिकांचे बारीक उंचवटे असतात. शिकारीला पुरेसे, पण इतके दुबळे की पाण्यात हात घालणाऱ्या माणसाला जाणवूही नयेत. आता एक बारकावा, जो मला सर्वांत आवडतो : संस्पर्शक थेट कडेतून फुटल्यासारखे दिसत असले, तरी त्यांचा मुळाचा भाग छत्रीच्या बाहेरच्या अंगाला चिकटून, जेलीत रुतून वर गेलेला असतो आणि मग मोकळा होतो. वरून पाहणाऱ्याला हे कळत नाही. त्यासाठी छत्रिक आडवं धरून कडेवर उजेड पाडावा लागतो. वर्णन करणारा तसा पाहत होता की नाही, हे या एका तपशिलावरून ओळखता येतं.

त्याच कडेवर, संस्पर्शकांच्या खालच्या बाजूला, पडद्याच्या मुळाशी ठिपक्यांची एक रांग असते. या संतुलनपुटी. पाण्यात वर कुठे आणि खाली कुठे हे छत्रिकाला त्यांच्यामुळे कळतं. भिंगाखाली प्रत्येक पुटी म्हणजे पोकळीत बसवलेला एक चमकता मणी. लिम्नोक्निडात त्या गोलसर असतात. गोड्या पाण्यातलं दुसरं प्रसिद्ध छत्रिक, क्रास्पेडाकुस्टा, त्याच्यात त्या पडद्यात शिरणाऱ्या लांबट नळ्यांसारख्या होतात. इतक्या लहान फरकावर शास्त्रज्ञ इतका जीव का टाकतात, याचं उत्तर खुल्या समुद्रात आहे.

1880 च्या जूनमध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या वनस्पती उद्यानात, व्हिक्टोरिया या प्रचंड कमळाच्या हौदात, विल्यम सॉवरबी यांना छोटी छत्रिकं पोहताना दिसली. गोड्या पाण्यात, काचघराखाली, समुद्रापासून दूर. रे लँकेस्टर आणि जॉर्ज ऑलमन या दोन नामांकित प्राणिशास्त्रज्ञांनी ती जवळजवळ एकाच वेळी हाती घेतली आणि आठवड्याभराच्या अंतराने दोघांनी वेगवेगळी नावं छापली. नावाच्या वादात लँकेस्टर यांचं क्रास्पेडाकुस्टा टिकलं. पण मला त्यांच्यातला दुसरा मतभेद अधिक रुचतो : हे छत्रिक कोणत्या घराण्यातलं? लँकेस्टर यांनी ते ट्रॅकीमेड्यूसी गटाशी जोडलं, म्हणजे खोल, खुल्या समुद्रात राहणाऱ्या छोट्या छत्रिकांशी. ऑलमन यांनी दुसऱ्याच गटात नेलं. वादाच्या मुळाशी होत्या त्या कडेवरच्या संतुलनपुटी. त्यांच्यातला मणी देहाच्या बाहेरच्या थरातून घडतो की आतल्या, हा कळीचा प्रश्न होता, आणि तो आतल्या थरातून घडतो ही गोष्ट या छत्रिकांना खुल्या समुद्रातल्या घराण्याच्या जवळ नेते. आज गोड्या पाण्यातल्या छत्रिकांचा गण वेगळा, लिम्नोमेड्यूसी. पण तो आणि ट्रॅकीमेड्यूसी एकाच मोठ्या शाखेत मानतात. कमळाच्या हौदात पोहणाऱ्या जीवाचं नातं महासागराच्या मधोमध आहे, हे एका मण्याच्या जन्मस्थानावरून ताडणं, यापेक्षा सुंदर निरीक्षण प्राणिशास्त्रात थोडंच असेल.

त्या समुद्रातल्या भाऊबंदांपैकी एकाला इथे बोलावतो, म्हणजे तुलना डोळ्यांपुढे राहील. लिरिओपी टेट्राफायला हे उबदार समुद्रांमध्ये सर्वत्र आढळणारं, फार तर तीन सेंटिमीटरचं छत्रिक; आपल्या अरबी समुद्रातही ते आहे. त्याच्या छत्रीच्या मध्यातून जेलीचा एक लांब दांडा खाली लोंबतो, कधी छत्रीच्या तोंडाबाहेर येण्याइतका, आणि त्याच्या टोकाला मुख असतं. छत्रीत मध्यातून कडेकडे जाणाऱ्या चार अरीय नलिका, आणि प्रत्येक नलिकेवर एकेक पानासारखी पसरट जननग्रंथी. त्याचं सख्खं भावंड गेर्योनिया. त्यात हेच सारं सहाच्या हिशेबात. चार की सहा एवढं मोजलं की ओळख पटली. खुल्या समुद्रात ओळख पटवणं असं पुष्कळदा मोजणीवर भागतं, कारण तिथे आकडे सहसा पाळले जातात. लिरिओपीच्या अंड्यातून थेट छत्रिकच घडतं. तळाला चिकटून राहणारी अवस्थाच नाही. पायाखाली जमीन नसलेल्या पाण्यात चिकटणार कशाला?

लिम्नोक्निडाकडे परत येऊन नलिका मोजू गेलात तर फसाल. बहुधा चार असतात. पण पाच असलेली, सहा असलेली छत्रिकंही निघतात. संस्पर्शकांची संख्या वयाबरोबर वाढत जाते. व्यास पाण्यातल्या खाण्यावर ठरतो. मापं घेऊ तितकी कमीच, आणि त्यातलं प्रत्येक माप डळमळीत. जातीचं वर्णन करणाऱ्याची कसोटी इथे लागते. जे जे दिसतं ते सगळं लिहिणं सोपं असतं. हलत्या गोष्टींमधून न हलणारी वेचणं अवघड. गोड्या पाण्यातल्या छत्रिकांना पुढच्या काळात जगभर अनेक नावं मिळाली, आणि त्यातली बरीच अशाच हलत्या मापांवर उभी होती. थॉमस यांकोव्स्की यांनी 2001 मध्ये हे सगळं वाङ्मय एकत्र तपासलं तेव्हा कितीतरी नावं शंकास्पद ठरली. म्हणून या छत्रिकाला लिम्नोक्निडा म्हणणारं पहिलं विधान पुन्हा पुन्हा वाचावं असं मी मानतो. ते ज्या खुणेवर उभं आहे ती आजवर हललेली नाही.

ती खूण म्हणजे मधलं दुधाळ कडं.

छत्रिक उलटं करा, किंवा काचेच्या भांड्याखालून वर पाहा. क्रास्पेडाकुस्टात मध्यातून एक लांबट नळी खाली येते, तिच्या टोकाला मुख, मुखाला चार ओठ. लिम्नोक्निडात असलं काही नाही. मुख प्रचंड रुंद, गोल, ओठांचा मागमूस नाही. नळी इतकी आखूड की तिला नळी म्हणणंही जड जातं. छत्रीच्या खालच्या अंगाला एक रुंद, उथळ कडं लावावं तशी ती दिसते. जठर तसंच रुंद. बाकीच्या छत्रिकांचं मुख म्हणजे एक छोटं दार, इथे मात्र अर्ध्याहून अधिक अंगण दारानेच व्यापलेलं. आणि या कड्याच्या भिंतीत, मुखाच्या चौफेर, जननग्रंथी असतात. क्रास्पेडाकुस्टात त्या नलिकांवरून चार पिशव्यांसारख्या लोंबतात, लिरिओपीत नलिकांवर पसरतात. लिम्नोक्निडात नलिका मोकळ्या, स्वच्छ, आणि बीज सगळं मुखाभोवती गोळा झालेलं. एकदा हे दिसलं की नलिका चार असोत की सहा, संस्पर्शक थोडे असोत की पुष्कळ, फरक पडत नाही. छत्रिक वयात येऊ लागतं तसं हे कडं भरीव आणि दुधाळ होत जातं, म्हणून तर पारदर्शक देहात तेच आधी डोळ्यांत भरतं. जे सर्वांत ठळक दिसतं तेच सर्वांत निर्णायक असावं, हा योग निसर्गात वरचेवर येत नाही.

इथे मला आघारकरांचा विचार सोडवत नाही. ते मुळात वनस्पतीचे अभ्यासक. फूल हाती आलं की वनस्पतिशास्त्रज्ञ पाकळ्या मोजतो खरा, पण त्याची नजर आधी अंडाशयाकडे जाते : तो पाकळ्यांच्या बैठकीच्या वर आहे की खाली? अवयव किती यापेक्षा तो कुठे बसला आहे, यावर कुळं ठरवायची सवय त्या शास्त्राने लावलेली असते. पेरूच्या डोक्यावर निदलांचा मुकुट का राहतो आणि टोमॅटोच्या देठाशी का, हे ज्याला क्षणात उलगडतं, त्याला छत्रिकाच्या पोटाखाली बीज कुठे धरलं आहे हे पाहायला वेगळं शिकावं लागलं नसेल. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण नदीच्या पाण्यात जेलीफिश पाहून नुसतं नवल न करता तिचे नमुने योग्य हाती पोचवणं, यामागे असाच तयार डोळा असतो, असं मला मनापासून वाटतं.

लिम्नोक्निडा ही प्रजाती त्याआधी फक्त आफ्रिकेत ठाऊक होती. रिशार्ट ब्योम यांना टांगानिका सरोवरात 1883 मध्ये छत्रिकं दिसली, आर. टी. गुंथर यांनी 1893 मध्ये त्यांना लिम्नोक्निडा टांगानिकी म्हणून स्थिर केलं. या आफ्रिकी बहिणीचं एक वैशिष्ट्य मन वेधून घेतं : तिच्या मुखाच्या त्याच कड्यावर कळ्या येतात, त्या वाढून छोटी छत्रिकं होतात आणि सुटून जातात. बीजही तिथेच, कळ्याही तिथेच. टांगानिकात छत्रिक सापडल्यावर जे. ई. एस. मूर यांनी एक भव्य कल्पना मांडली होती : हे सरोवर म्हणजे प्राचीन समुद्राचा मागे राहिलेला तुकडा, आणि छत्रिक म्हणजे त्या समुद्राची उरलेली साक्ष. मग तेच छत्रिक व्हिक्टोरिया सरोवरात मिळालं, नायजर नदीत मिळालं, आणि कल्पनेचा पाया खचत गेला. साताऱ्याची भर यात फार बोलकी आहे. वेण्णा आणि कोयना वाहतात त्या दख्खनच्या काळ्या कातळावरून; सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा तो. या कातळाच्या माथ्यावर समुद्र कधी आला नाही, तेव्हा त्याचा तुकडा मागे राहण्याचा प्रश्नच नाही. इथलं छत्रिक नद्यांच्याच वाटेने, नद्यांचं होऊनच राहिलं आहे. आफ्रिका आणि भारत यांच्यात वाटून गेलेली ही प्रजाती दोन भूखंडांच्या जुन्या शेजाराची आठवण देते, आणि त्या शेजाराचा इतिहास सांगायला डायनोसॉरची हाडं लागत नाहीत, एक सेंटिमीटरची जेलीही बोलू शकते.

पण नदी म्हणजे काही सरोवर नव्हे. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की डोह मोडतात, गढूळ लोंढा येतो आणि असल्या नाजूक देहांचा निभाव लागणं अशक्य. मग पुढच्या उन्हाळ्यात ती येतात कुठून? उत्तर पॉलिपमध्ये, म्हणजे तळाला चिकटून राहणाऱ्या अवस्थेत आहे. क्रास्पेडाकुस्टाचा पॉलिप एडवर्ड पॉट्स यांना 1885 मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या ओढ्यात दगडांवर सापडला : एक मिलिमीटरच्या आतबाहेरचा, संस्पर्शक नसलेला, खालमानेने बसलेला. तो इतका वेगळा दिसतो की त्याला मायक्रोहायड्रा असं स्वतंत्र नाव मिळालं, आणि तो व ते छत्रिक एकाच जीवाच्या दोन अवस्था आहेत हे पटायला पुढची काही दशकं जावी लागली. आफ्रिकी लिम्नोक्निडाचा पॉलिप तर 1950 च्या दशकात, बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञ ज्याँ बुइयाँ यांच्या कामातून पुढे आला. म्हणजे या जीवाचं खरं, बारमाही घर दगडाच्या अंगावर असणार. लिरिओपीने जे सोडून दिलं तेच नदीतल्या भावंडाने घट्ट धरलं. लोंढ्याच्या काळात धोंड्याला चिकटून राहायचं, उन्हाळ्यात पाणी थांबलं की छत्रिकं सोडायची. पावसाच्या वेळापत्रकाशी या दोन अवस्थांचा मेळ इतका चोख बसतो की सह्याद्रीतल्या नदीचं वर्ष जणू त्याच्या अंगात मुरलेलं आहे.

वर्णनाच्या कारागिरीबद्दल आणखी थोडं. जिवंत छत्रिक आणि बाटलीतलं छत्रिक यांत जमीनअस्मानाचं अंतर असतं. देहात जवळजवळ सगळं पाणीच. फॉर्मॅलिनमध्ये थेट टाकलं तर ते आखडतं, संस्पर्शक गोळा होतात, पारदर्शकपणा जातो, बसका आकार उंच होतो. म्हणून आधी त्याला मेन्थॉल किंवा मॅग्नेशियम क्लोराइडने गुंगी देतात, झालर सैल पसरली की मग फॉर्मॅलिनचे थेंब सावकाश मिसळतात. जिवंतपणी पाहिलेले रंग, ठोक्यांची लय, उतरतानाची झालर हे सगळं त्याआधी वहीत उतरवायचं, कारण बाटलीत त्यातलं काही राहत नाही. गुंगी कधी पुरेशी झाली हे ओळखणारा हात पुस्तकातून येत नाही. चांगल्या वर्णनातली पहिली चार वाक्यं नदीकाठी लिहिलेली आहेत की प्रयोगशाळेत, हे वाचणाऱ्याला उमगतं. ग्रेव्हली आणि आघारकर सवयींचं टिपण वेगळं लिहायला बसले, यात मला हीच जाण दिसते.

त्यानंतर या नद्यांचं रूप पालटलं. कोयनेच्या वरच्या खोऱ्यात शिवसागर पसरला, वेण्णेवर कण्हेर झालं, कृष्णेवर धोम. डोहांच्या जागी खोल जलाशय आले. गोड्या पाण्यातली छत्रिकं थांबलेल्या पाण्याला नाखूश नसतात, आणि दक्षिणेकडच्या नद्या-जलाशयांतूनही लिम्नोक्निडाच्या नोंदी आहेत. त्यामुळे ते संपलं असं मानायला मी तयार नाही. पाहणारे कमी पडतात, एवढं मात्र खरं.

आमच्या भागात आता घरटी म्हणावीत इतकी शेततळी आहेत. डाळिंबासाठी, द्राक्षांसाठी प्लास्टिकचा कागद अंथरून साठवलेलं पाणी, उन्हाळ्यात निवळ आणि स्थिर. क्रास्पेडाकुस्टा मूळचं चीनमधल्या यांगत्सेच्या खोऱ्यातलं. पाणवनस्पतींबरोबर आणि मत्स्यबीजाबरोबर ते जगभर गेलं आहे आणि अशाच हौदांत, तळ्यांत, खाणींच्या पाण्यात अचानक उगवतं. भारतातही त्याच्या नोंदी आहेत. तेव्हा बारामती-इंदापूरच्या एखाद्या तळ्यात वैशाखात नाण्याएवढी पारदर्शक छत्री वरखाली होताना दिसली, तर घाबरून औषध टाकू नये. ती माणसाला चावत नाही, पिकाचं काही बिघडवत नाही. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत तळ्याचंच पाणी घ्यावं, छत्रिक वाटीने अलगद आत सोडावं, आणि बरणीच्या तळाखालून, उजेडाकडे तोंड करून फोटो काढावा. वरून काढलेल्या फोटोत ओळखीची खूण झाकलेली राहते. मधून लांब नळी उतरत असेल आणि नलिकांवरून चार पिशव्या लोंबत असतील, तर पाहुणा यांगत्सेकडचा. नळी जवळजवळ नसेल, मुख अंगभर रुंद असेल, नलिका मोकळ्या असतील आणि मुखाभोवती दुधाळ कडं भरलं असेल, तर तो फोटो त्याच दिवशी पुण्याला आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात पाठवावा, आणि सोबत तारीख, गाव, पाण्याची खोली आणि ते पाणी कोणत्या नदीचं किंवा कालव्याचं आहे, हेही लिहावं.